घरच्या चित्रफितींचे संकलन : पाच प्रोग्रॅमांची पारख

आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा ठरला, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मिळून एक काम माझ्याकडे सोपवले. साताऱ्यातल्या गोडोलीच्या आमच्या घरातील लोखंडी कपाटात पत्र्याच्या एका डब्यात दोन व्हीएचएस आणि अकरा मिनी डीव्ही कॅसेटी वर्षानुवर्षे पडून होत्या. त्याशिवाय गेल्या दहा-बारा वर्षांत मोबाइलवर काढलेली चित्रणे चार जणांच्या फोनमध्ये विखुरलेली होती. या सर्वांतून आईच्या आयुष्याची चाळीस मिनिटांची सलग फीत तयार करायची होती. कॅसेटींवरचे चित्रण संगणकात उतरवण्याचे काम एका स्टुडिओने उत्तम करून दिले. पुढचे संकलन मात्र मी स्वतः करायचे ठरवले, कारण लग्नाच्या पंगतीतला कोणता चेहरा ठेवायचा आणि कोणता क्षण कितीही अस्पष्ट असला तरी गाळायचा नाही, हे घरच्या माणसालाच कळते.

त्या निमित्ताने मी शॉटकट, केडेनलाइव्ह, दा विंची रिझॉल्व्ह, क्लिपचॅम्प आणि आयमूव्ही हे पाच प्रोग्रॅम मन लावून वापरले आणि काही सशुल्क प्रोग्रॅमांच्या चाचणी आवृत्त्याही पाहिल्या. माझा लॅपटॉप सहा वर्षांपूर्वीचा, इंटेल आय५ प्रोसेसरचा, ८ जीबी रॅमचा आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला आहे. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत असाच किंवा याहून साधा संगणक असतो, म्हणून मुख्य पारख त्याच्यावरच केली. रिझॉल्व्हसाठी भाच्याचा १६ जीबी रॅमचा, ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक वापरला आणि आयमूव्हीसाठी वहिनींचा मॅकबुक आठवडाभर मागून आणला. प्रत्येक प्रोग्रॅमला मी तीच दहा मिनिटांची सामग्री दिली : १९९४ मधील बहिणीच्या लग्नाची व्हीएचएस, २००४ मधील बावधन गावच्या बगाड यात्रेचे मिनी डीव्हीवरील चित्रण, चाळकेवाडीच्या पठारावर मोबाइलवर घेतलेली आईची मुलाखत, पुण्याच्या पुतण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली एक उभी क्लिप आणि काही जुनी छायाचित्रे.

जाहिरातींत अशा प्रोग्रॅमांची तुलना बहुधा तयार इफेक्टांच्या संख्येवर केली जाते. घरच्या फितीला त्यांचा उपयोग फार थोडा असतो. माझे निकष चार होते. वेगवेगळ्या काळांतले आणि वेगवेगळ्या यंत्रांवरचे चित्रण एकत्र आणताना प्रोग्रॅम त्याची हानी करत नाही ना, मराठी पाट्या शुद्ध उमटतात का, आवाज सुधारण्याची साधने पुरेशी आहेत का, आणि हे काम दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा उघडता येईल का. यातील शेवटचा निकष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समारंभाची फीत एकदा दाखवून संपत नाही. नातवंडे मोठी झाली की कोणीतरी म्हणते, यात आमच्या बाजूचे थोडे घाला, आणि तेव्हा मूळ प्रकल्प जिवंत असावा लागतो.

जुन्या कॅसेटींपासून सुरुवात करतो, कारण फरक तिथेच सर्वांत ठळक दिसतो. आपल्याकडचे जुने कॅमेरे पॅल या जुन्या टीव्ही-पद्धतीचे. मिनी डीव्हीवरील चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे असते आणि सेकंदाला २५ फ्रेम असल्या तरी प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजे फील्डची, विणलेली असते. एका फील्डमध्ये सम रेषा आणि दुसऱ्यात विषम रेषा, अशी सेकंदाला ५० फील्ड. जुन्या टीव्हीवर ही वीण जाणवत नसे. संगणकाच्या पडद्यावर मात्र वेगाने हलणाऱ्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसू लागतात. बगाडाच्या चित्रणात हे फार स्पष्ट दिसले. रंगपंचमीच्या उन्हात बैलजोड्या गाडा ओढत आहेत, गाड्यावरच्या लांब लाकडी शिडावर बगाड्या, म्हणजे नवसाचा मानकरी, आहे, भोवती ‘काशीनाथाचं चांगभलं’चा गजर चालू आहे, आणि बैलांचे पाय मात्र करवतीने कापल्यासारखे दातेरी. ही वीण नीट उसवणे याला डीइंटरलेसिंग म्हणतात आणि ते करताना फील्डचा क्रम चुकला तर हालचाल मागेपुढे थरथरते.

शॉटकटमध्ये प्रत्येक क्लिपच्या गुणधर्मांत चित्र विणलेले आहे की अखंड, फील्डचा क्रम कोणता आणि चित्राचे प्रमाण किती, हे तिन्ही स्वतः ठरवता येते. डीइंटरलेसिंगची पद्धत निर्यातीच्या, म्हणजे तयार फीत फाइलच्या रूपात बाहेर काढण्याच्या, वेळी निवडता येते आणि त्यांत यादिफ ही जुनी, विश्वासाची पद्धतही आहे. रिझॉल्व्हमध्ये क्लिपच्या अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये फील्डचा क्रम सांगण्याची सोय आहे. क्लिपचॅम्प आणि आयमूव्ही यांनी ही निवड वापरणाऱ्याच्या हाती दिलेली नाही. त्यामुळे या दोन्हींत जुनी कॅसेट वापरायची असेल तर आधी हँडब्रेक या विनामूल्य प्रोग्रॅममधून क्लिप उसवून घेणे बरे. त्यातील बॉब हा पर्याय प्रत्येक फील्डची स्वतंत्र फ्रेम करतो, त्यामुळे सेकंदाला ५० फ्रेमची, हालचालीत मऊ अशी फीत मिळते. रात्रभर संगणक चालू ठेवून सगळ्या कॅसेटींवर हा संस्कार एकदाच करून घेतला की पुढे कोणताही प्रोग्रॅम निवडायला आपण मोकळे राहतो.

चित्राच्या प्रमाणाबद्दलही थोडे सांगायला हवे. डीव्हीचे बिंदू चौकोनी नसतात. ७२० बिंदूंची रेषा योग्य प्रमाणात दाखवली तर चार-तीनच्या चित्रात ७६८ चौकोनी बिंदूंइतकी होते. हे न कळणारा प्रोग्रॅम चेहरे थोडे अरुंद करतो. याहून मोठी चूक आपणच करतो, ती म्हणजे नव्या रुंद टीव्हीचा पडदा भरावा म्हणून जुने चित्र ताणणे. मग नवरानवरी, भटजी, मामा सगळे जाडे होतात. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू द्यावी. वऱ्हाडातल्या माणसांचे चेहरे जसे होते तसे दिसणे हे पडदा भरण्यापेक्षा मोलाचे आहे.

मोबाइलच्या चित्रणाचा दोष वेगळा असतो. अनेक फोन प्रकाश कमी-जास्त होईल तसा फ्रेमचा वेगही कमी-जास्त करतात. फोनवर पाहताना ते कळत नाही, पण संकलनाच्या प्रोग्रॅममध्ये ओठ आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सरकू लागतात. सुरुवातीला सगळे जुळलेले असते आणि वीस मिनिटांच्या मुलाखतीच्या शेवटी शब्द आधी आणि ओठ मागे असे होते. एका सशुल्क प्रोग्रॅमच्या चाचणी आवृत्तीत मी आईच्या मुलाखतीवर दोन संध्याकाळी खर्च केल्या आणि मग हा दोष लक्षात आला. त्या प्रोग्रॅमने तोवर एका शब्दानेही सूचना दिली नव्हती. शॉटकट अशी क्लिप उघडताच सांगतो की हिच्या फ्रेमचा वेग स्थिर नाही, आणि संकलनाला सोयीच्या स्वरूपात रूपांतर करायचे का, असे विचारतो. रूपांतराचे तीन दर्जे दिलेले असतात. घरच्या कामाला पहिलाही पुरतो, पण आईच्या मुलाखतीसाठी मी मधला घेतला. केडेनलाइव्हच्या अलीकडच्या आवृत्त्याही अशीच सूचना करतात. रिझॉल्व्ह वापरणाऱ्याने फोनची चित्रणे आधी हँडब्रेकमधून स्थिर वेगाची करून घेणे शहाणपणाचे.

पुढच्या चित्रणासाठी एक सूचना इथेच करतो. आपल्या देशात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे ट्यूबलाइटच्या उजेडात सेकंदाला ३० फ्रेमने काढलेले चित्र कधीकधी लुकलुकते. फोनमध्ये २५ फ्रेमचा पर्याय असेल तर घरातल्या समारंभाला तो घ्यावा. जुन्या पॅल चित्रणाशीही तो सहज जुळतो.

आता पाट्या. मराठी माणसाने कोणताही प्रोग्रॅम विकत घेण्यापूर्वी किंवा त्यात महिनाभर काम करण्यापूर्वी ही चाचणी पाच मिनिटांत उरकून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. एका पाटीवर ‘वऱ्हाडी मंडळी’, दुसऱ्या पाटीवर ‘निर्मिती’, तिसऱ्यावर ‘श्रीकृष्णामाई’ आणि चौथ्यावर ‘स्त्रिया’ असे टंकून पाहावे. पहिल्या शब्दात ‘ऱ्हा’मधला आडवा, अर्धा र नीट उमटतो का, दुसऱ्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी बसते का आणि रफार योग्य जागी जातो का, बाकीच्या दोन्हींत जोडाक्षरे सुटी तर पडत नाहीत ना, हे पाहावे. परीक्षेसाठी घेतलेल्या एका प्रोग्रॅममध्ये पहिलीच पाटी पाय मोडक्या अक्षरांची आली आणि त्याचा विचार मी तिथेच सोडला. आईच्या नावाची अक्षरे मोडून पडद्यावर येणे मला सहन होण्यासारखे नव्हते.

शॉटकट आणि केडेनलाइव्ह हे दोन्ही क्यूटी या प्रोग्रॅम बांधण्याच्या आराखड्यावर उभे आहेत आणि देवनागरीची जुळणी त्यांत नीट होते. शॉटकटमध्ये साधी पाटी आणि सजवलेली पाटी असे दोन फिल्टर आहेत. केडेनलाइव्हमध्ये पाट्या तयार करण्याची स्वतंत्र खिडकीच आहे आणि तिच्यात चौकटी, छायाचित्र व अक्षरे एकत्र मांडता येतात. फाँट मी मुक्ता वापरला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा हा मुक्त परवान्याचा फाँट आहे आणि टीव्हीवर दहा फुटांवरूनही वाचता येतो. छापखान्यांत वापरले जाणारे जुने, युनिकोड नसलेले फाँट इथे टाळावेत, कारण दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला की पाटीवर इंग्रजी अक्षरांचा पसारा दिसतो. ज्या प्रोग्रॅमच्या देवनागरीची खात्री नसेल तिथे मी एक साधा मार्ग वापरतो : इंकस्केप या चित्रे काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये पाटी तयार करायची, पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी चित्राच्या रूपात साठवायची आणि चित्रावर ठेवायची. रिझॉल्व्हमधील सगळ्या पाट्या मी याच रीतीने केल्या. पुढे प्रोग्रॅमची आवृत्ती बदलली तरी अक्षरे जशीच्या तशी राहतात.

पाचही प्रोग्रॅमांत सर्वांत समर्थ कोणता असे विचारले तर उत्तर एकच आहे, रिझॉल्व्ह. ऑस्ट्रेलियातील ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीने २००९ मध्ये दा विंची सिस्टिम्स ही कंपनी घेतली. चित्रपटांची रंगदुरुस्ती करणारी ही यंत्रणा तोवर फक्त मोठ्या स्टुडिओंत असे, आणि आज तिची विनामूल्य आवृत्ती घरच्या संगणकावर उतरवता येते. बहिणीच्या लग्नात मांडवात हॅलोजन लावले होते, त्यामुळे सगळे चेहरे पिवळे झाले होते. रिझॉल्व्हच्या रंगाच्या पानावर आलेखाकडे पाहत पाहत मी तो पिवळेपणा काढत गेलो आणि बहिणीच्या शालूचा जांभळा रंग तीस वर्षांनी पुन्हा दिसला. तिला फोनवर तो दाखवला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. इतर कोणत्याही प्रोग्रॅममध्ये मला हे इतके साधले नाही.

परंतु रिझॉल्व्ह सर्वांसाठी नाही. विंडोजवर त्याला किमान १६ जीबी रॅम लागते असे कंपनी सांगते आणि फ्यूजनचे, म्हणजे त्यातील विशेष दृश्यपरिणामांच्या पानावरचे, काम करायचे असेल तर ३२ जीबी. माझ्यासारख्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर त्याच्याकडून सुरळीत कामाची अपेक्षा करणेच योग्य नाही. लिनक्स वापरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की तिथल्या विनामूल्य आवृत्तीत फोनच्या नेहमीच्या एच.२६४ या चित्र-संकोचन पद्धतीच्या फायली उघडत नाहीत. विनामूल्य आवृत्तीतून ३८४० गुणिले २१६० पर्यंतचे चित्र निर्यात करता येते, ते घरच्या कामाला भरपूर झाले. मात्र व्हीएचएसवरील दाणेदारपणा कमी करणारी साधने आणि गोंगाटातून माणसाचा आवाज वेगळा काढणारे साधन हे दोन्ही सशुल्क स्टुडिओ आवृत्तीतच आहेत. तिची किंमत २९५ डॉलर असून ती एकदाच भरायची असते, दरवर्षी नाही. ज्याच्याकडे कॅसेटींचा मोठा साठा आहे आणि चांगला संगणक आहे, त्याने ती रक्कम खर्च करावी असे मला प्रामाणिकपणे वाटते. शिकायला वेळ लागतो. सात वेगवेगळ्या पानांची रचना अंगवळणी पडायला मला तीन आठवडे लागले, पण २०१९ मध्ये सोळाव्या आवृत्तीपासून आलेल्या ‘कट’ या पानावर नवख्याला झटपट कापाकापी करता येते. तिथून सुरुवात करावी.

आवाजाच्या बाबतीत मला शॉटकटने सर्वांत अधिक समाधान दिले, आणि हे मी थोडे विस्ताराने सांगतो, कारण घरच्या चित्रफितीत चित्र एकवेळ पुसट चालते, आवाज गेला तर माणूसच गेल्यासारखे होते. चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या पठारावर आईची मुलाखत घेण्याची कल्पना माझी होती आणि ती आवाजाच्या दृष्टीने अगदी चुकीची होती. वारा सतत फोनच्या माइकवर आदळत होता. वाऱ्याचा घोंघावा बहुतेक खालच्या स्वरात असतो, त्यामुळे शॉटकटचा हाय पास फिल्टर लावून साधारण १०० हर्ट्झच्या खालचा भाग कमी केला की बोलणे पुष्कळ मोकळे होते. त्यावर कॉम्प्रेसर लावून हळू आणि मोठा आवाज जवळ आणला आणि शेवटी नॉर्मलाइझ करून पातळी सारखी केली. हे तिन्ही फिल्टर विनामूल्य आहेत आणि एकदा जमलेली मांडणी स्वतःच्या नावाने साठवून पुढच्या क्लिपवर तशीच लावता येते.

हेच मी जात्यावरच्या चित्रणाला लावायला गेलो तेव्हा मात्र थांबलो. २००६ मध्ये गावाकडच्या घरात पहाटे आई आणि तिची जाऊ दळण दळत ओव्या म्हणत होत्या, त्याचे अकरा मिनिटांचे चित्रण एका कॅसेटीवर आहे. जात्याची घरघर हीसुद्धा खालच्याच स्वरात असते. फिल्टर लावल्यावर शब्द स्वच्छ ऐकू आले, पण जाते नाहीसे झाले, आणि जात्याशिवाय ओवी उघडी पडल्यासारखी वाटू लागली. शेवटी मी फिल्टर ६० हर्ट्झपर्यंत खाली आणला, म्हणजे कॅमेऱ्याचा गूं असा नाद थोडा गेला आणि घरघर राहिली. असे बारीक निर्णय घेता यावेत यासाठी प्रोग्रॅममध्ये आकडा बदलायला जागा असावी लागते. ज्या प्रोग्रॅमांत ‘गोंगाट कमी करा’ असे एकच बटण असते तिथे हा निर्णय प्रोग्रॅम घेतो.

शॉटकटचे पहिले दर्शन उत्साह वाढवणारे नाही. उघडल्यावर जवळजवळ रिकामी खिडकी दिसते, टाइमलाइनही, म्हणजे क्लिपा ओळीने मांडायची पट्टीही, आपणच आणायची असते, आणि एका दृश्यातून दुसऱ्यात विरघळत जाण्यासाठी दोन क्लिपा एकमेकींवर सरकवायच्या असतात हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. पहिली क्लिप टाकताच प्रकल्पाचे माप तिच्यावरून आपोआप ठरते; तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपची उभी क्लिप पहिली टाकू नये, आधी प्रकल्प १०८० रेषांचा आणि २५ फ्रेमचा असा स्वतः ठरवावा. एवढे जपले तर हा प्रोग्रॅम साध्या लॅपटॉपवर शांतपणे काम करतो. मोठ्या फायलींसाठी प्रॉक्सीची सोय चालू केली की संकलन करताना हलक्या प्रती वापरल्या जातात आणि निर्यातीच्या वेळी मूळ फायली घेतल्या जातात. वळवाच्या दिवसांत आमच्या भागात वीज जाते, लॅपटॉपची बॅटरीही आता जुनी झाली आहे. अशा वेळी पुन्हा उघडल्यावर अर्धवट काम परत मिळवायचे का, असे शॉटकट विचारतो, याचा मला दोनदा उपयोग झाला.

केडेनलाइव्ह त्याच कुळातला आहे. दोन्हींच्या पोटात चित्र आणि ध्वनी हाताळणारा एमएलटी नावाचा एकच आराखडा आहे, आणि शॉटकट लिहिणारे डॅन डेनेडी हे एमएलटीच्याही मूळ रचनाकारांपैकी आहेत. फरक असा की केडेनलाइव्हमध्ये मोठ्या प्रकल्पाची व्यवस्था अधिक चांगली लागते. कॅसेटवार फोल्डर करता येतात, क्लिपवर वेगवेगळ्या गटांच्या खुणा करून त्यांना मराठीत नावे देता येतात, आणि २०२३ पासून एका प्रकल्पात अनेक टाइमलाइन ठेवून एक दुसरीत बसवता येते. मी ‘माहेर’, ‘लग्ने’, ‘शेत’, ‘नातवंडे’ अशा चार टाइमलाइन स्वतंत्र केल्या आणि पाचवीत त्या ओळीने लावल्या. एखाद्या भागात दुरुस्ती केली की ती मुख्य फितीत आपोआप येते. उपशीर्षके तयार करण्यासाठी व्हिस्पर ही बोलण्यावरून लेखन करणारी प्रणालीही जोडता येते आणि तिला मराठी समजते, पण आईच्या बोलण्यातले गावाकडचे शब्द तिच्यावर सोपवू नयेत. प्रत्येक ओळ स्वतः वाचून दुरुस्त करावी लागते.

केडेनलाइव्हची जी सोय मला सर्वांत मोलाची वाटली तिचे नाव कोणत्याही जाहिरातीत दिसणार नाही. ‘आर्काइव्ह प्रोजेक्ट’ अशी आज्ञा दिली की प्रकल्पात वापरलेली प्रत्येक क्लिप, छायाचित्र आणि ध्वनी शोधून सगळे एका ठिकाणी गोळा केले जाते. संकलनाच्या प्रकल्पफायलीत चित्रण नसतेच, केवळ कोणती फाइल कुठे आहे आणि कुठून कुठवर घ्यायची याची नोंद असते. मूळ फोल्डर हलवला किंवा पेनड्राइव्ह हरवला की ती नोंद निरुपयोगी होते. रिझॉल्व्हमध्येही प्रकल्पाचे असे संग्रहण करता येते, मात्र तिथे प्रकल्प मुळात एका डेटाबेसमध्ये राहतो, त्यामुळे संगणक बदलण्यापूर्वी तो आठवणीने बाहेर काढावा लागतो. शॉटकट आणि केडेनलाइव्ह यांच्या प्रकल्पफायली साध्या एक्सएमएल मजकुराच्या असतात. नोटपॅडमध्ये उघडून कोणती क्लिप कोणत्या सेकंदाला कापली आहे हे वाचता येते. विंडोज मूव्ही मेकर किती लोकप्रिय होता हे अनेकांना आठवत असेल. मायक्रोसॉफ्टने तो देणे १० जानेवारी २०१७ रोजी बंद केले, आणि त्याच्या प्रकल्पफायली आजच्या नेहमीच्या प्रोग्रॅमांत उघडत नाहीत. कोणताही प्रोग्रॅम कधीतरी बंद पडणार, हे धरूनच घरचा संग्रह बांधावा लागतो.

याच कारणासाठी मुदतीच्या परवान्यांबद्दल मी सावध आहे. अडोबीचा प्रीमियर एलिमेंट्स हा घरच्या वापरासाठीचा चांगला, मार्गदर्शन करणारा प्रोग्रॅम आहे, पण २०२५ च्या आवृत्तीपासून त्याचा परवाना तीन वर्षांचा झाला. सायबरलिंकचा पॉवरडायरेक्टर वर्गणीवरही मिळतो. ज्याला दर महिन्याला काही ना काही तयार करायचे असते त्याला वर्गणी परवडते. दोन-चार वर्षांतून एकदा कौटुंबिक फीत करणाऱ्याला नाही. आणि चाचणी आवृत्ती घेताना निर्यात केलेल्या चित्रावर कंपनीचे चिन्ह उमटते का, हे एक मिनिटाची क्लिप बाहेर काढून पहिल्याच दिवशी पाहावे.

क्लिपचॅम्प विंडोज ११ सोबतच येतो. वाढदिवसाच्या तीन मिनिटांच्या क्लिपसाठी तो पुरेसा आहे, १०८० रेषांची निर्यात विनामूल्य आणि चिन्हाशिवाय मिळते. मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. चाळीस मिनिटांच्या, पाच प्रकारच्या चित्रणाच्या कामासाठी तो घडवलेला नाही आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही नसावी.

आयमूव्हीबद्दल मात्र आदराने लिहायला हवे. १९९९ मध्ये आयमॅक डीव्हीसोबत तो आला तेव्हा घरच्या कॅसेटी घरच्याच संगणकावर कापता येतात हे त्याने सामान्य माणसाला दाखवून दिले. आजही मॅकवर तो विनामूल्य आहे आणि हाताळायला पाचांत सर्वांत सोपा आहे. वहिनी, ज्यांनी यापूर्वी कधीही संकलन केले नव्हते, त्यांनी एका दुपारी नातवाच्या बारशाची सुरेख फीत केली. मर्यादा अशी की चित्राचे मुख्य आणि वरचे असे दोनच थर मिळतात. पार्श्वभूमी, तिच्यावर छायाचित्र आणि त्यावर आणखी एक चौकट असे मांडायचे असेल तर अडते. घरात मॅक असेल आणि जुन्या कॅसेटी आधी हँडब्रेकमधून उसवून घेतल्या असतील, तर वेगळे काही शोधण्याची गरज नाही.

सोहळ्याची फीत मी शेवटी केडेनलाइव्हमध्ये बांधली. लग्नाचे भाग रिझॉल्व्हमध्ये रंगदुरुस्त करून घेतले आणि ओव्यांचा व मुलाखतीचा आवाज शॉटकटमध्ये तयार केला. एकाच प्रोग्रॅमचे नाव सांगा असे कोणी म्हटले, तर साध्या लॅपटॉपसाठी मी शॉटकट सांगतो, आणि कॅसेटी पाचाहून अधिक असतील तर केडेनलाइव्ह. कराडच्या आत्याच्या संगणकावर मागच्या महिन्यात मी शॉटकटच बसवून दिला आणि आवाजाची साठवलेली मांडणीही त्यात टाकून दिली.

निर्यातीबद्दल दोन गोष्टी. नातेवाईक फीत पेनड्राइव्हवर घेऊन जातात आणि टीव्हीला जोडतात. पुष्कळ पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचे असतात आणि त्यांवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. सेकंदाला १२ मेगाबिटच्या दराने चाळीस मिनिटांची फीत साधारण ३.६ जीबी होते, म्हणून तोच दर ठेवला. स्वरूप एच.२६४ आणि एएसी ध्वनी, कारण जुन्या एलईडी टीव्हींवर नवे एच.२६५ चालेलच असे नाही. यूट्यूबवर चढवायची असेल तर लग्नाच्या चित्रणामागे वाजणारी चित्रपटगीते तिथल्या स्वयंचलित तपासणीत ओळखली जातात, हे आधीच ध्यानात घ्यावे; आमच्या फितीत तो भाग मी सनईच्या आवाजावर ठेवला, जो त्याच कॅसेटीवर होता.

मूळ चित्रण मात्र लहान केलेले नाही. डीव्हीचे एक तास म्हणजे सुमारे १३ जीबी, अकरा कॅसेटींचे मिळून १४३ जीबीच्या आसपास होते, आणि ते दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर तसेच ठेवले आहे. एक गोडोलीत आणि दुसरी बहिणीकडे सांगलीला. सोहळ्याच्या फितीत फक्त चार कॅसेटींतले चित्रण आले. उरलेल्या सात कॅसेटींची नोंदवही आईच्या शेजारी बसून मी करत आहे, कारण २००३ च्या एका चित्रणात पाटाच्या कडेला उभ्या असलेल्या तिघींची नावे तिच्याशिवाय आता कोणालाच सांगता येत नाहीत.